दगडखाणीतील धूळ आणि श्रमिकांचे जीवनमान

कांदिवली म्हटली की आज उंच इमारतींचे उपनगर डोळ्यांसमोर येते. पूर्वेकडील वडारपाडा हे नाव मात्र निराळा इतिहास सांगते. दगड फोडणे व घडविणे हा वडार समाजाचा परंपरागत व्यवसाय. १९२० च्या दशकात बॅकबेच्या समुद्रात भराव घालण्यात आला, तेव्हा त्यासाठी कांदिवलीच्या खाणींतून दगड-मुरूम नेण्यात आला. महानगराची भूमी ज्यांच्या घणाने घडली, त्यांच्या वाट्याला कोणते जीवन येते, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

सुरुंगासाठी भोके पाडताना, दगड फोडताना आणि विशेषतः क्रशरवर खडी तयार करताना धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुतांशी नाका-घशातच अडते. खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या कणांचा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. पाच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांत स्फटिकरूप सिलिका असल्यास फुप्फुस हळूहळू निबर होते व सिलिकोसिस जडतो. मुंबईच्या काळ्या पाषाणात ही सिलिका ग्रॅनाइट वा वालुकाश्मापेक्षा कमी असते, हे खरे. परंतु म्हणून येथील धूळ निरुपद्रवी ठरत नाही. दाट धुळीत वर्षे काढणाऱ्यास जुनाट खोकला व धाप लागण्याचा धोका राहतोच.

सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. धुळीचे काम सुटल्यावरही तो बळावू शकतो आणि क्षयाला वाट करून देतो. या रोगाचे मोजमाप केवळ क्ष-किरणाच्या चित्रावरून होत नाही. चढ चढताना किती वेळा थांबावे लागते, रात्री आडवे होऊन झोप लागते की नाही, महिन्यात किती खाडे पडतात, हेही मोजले पाहिजे. घरचा कर्ता थकला की संसाराचा भार पत्नीवर येतो आणि मुलाची शाळा सुटते.

उपाय अवघड नाहीत. भोके पाडताना पाणी सोडणे, क्रशरला आच्छादन घालणे व धूळ उगमापाशीच शोषून घेणे, हे मुख्य. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. १९५२ च्या खाण अधिनियमाने अधिसूचित व्यवसायजन्य रोगाची खबर देण्याचे बंधन खाणमालकाबरोबरच डॉक्टरावरही घातले होते. परंतु रोग ओळखलाच गेला नाही, तर खबर कशाची देणार? सिलिकोसिसचा रुग्ण पुष्कळदा क्षयाचा समजला जातो आणि नुकसानभरपाईचा त्याचा हक्क तेथेच बुडतो.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली आपल्या ग्रंथात आग्रह धरला, की रुग्णाला त्याचा धंदा विचारावा. खोकणाऱ्या माणसाच्या केसपेपरावर नाव आणि वय यांच्या जोडीला ‘आज काम कोणते, पूर्वी कोणते?’ ही एक ओळ लिहिली जावी. खाणी बंद पडतात, त्यांच्या जागी वस्त्या उभ्या राहतात. पण फुप्फुसात साठलेली धूळ तेथेच राहते. तिची दाद त्या एका ओळीपासूनच लागू शकेल.