बाळूंची पेटी आणि आपली

(टी. नगर, चेन्नई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलो आहोत त्या वस्तीला सर पिट्टी त्यागराय चेट्टींचं नाव आहे. ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षाचे ते एक संस्थापक. नाव पाटीवर राहिलं, म्हणून आपल्याला कळलं. आज मी पालवणकर बाळूंबद्दल बोलणार आहे. नावाजलेल्या खेळाडूंच्या बॅटी, टोप्या, पत्रं संग्रहालयात जातात. या चांभार गोलंदाजाची ओळख आपल्याला होते ती मुख्यतः तीन तऱ्हेच्या कागदांतून.

पहिला कागद धावफलक. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करणाऱ्या बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पण पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. धावफलकात बळी दिसतात, ते भांडं दिसत नाही. श्रेष्ठ गोलंदाज असून हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही, हेही त्यात नाही.

दुसरा कागद भावाचं पुस्तक. १९२०मध्ये बाळूंना संघातून वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी माघार घेतली. १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. विठ्ठल तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४८मध्ये त्यांनी मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' लिहिलं. रामचंद्र गुहांनी २००२च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात बाळूंची कहाणी सांगितली, तेव्हा हे पुस्तक त्यांच्या कामी आलं. घरातल्या माणसानं लिहिलं होतं, म्हणून बाहेरच्याला सांगता आलं.

तिसरा कागद आपल्याला जड जातो. १९३२च्या पुणे करारावर बाबासाहेबांसोबत बाळूंची सही आहे, मद्रासचे एम. सी. राजा आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांच्याही आहेत. पण १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. काहीजण एवढ्यावरून बाळूंना खोडून टाकतात. काहीजण ही निवडणूकच गाळतात. मला दोन्ही पटत नाही. त्या निवडणुकीत मी बाबासाहेबांच्या बाजूचा, आणि तरी बाळू माझे आहेत. आपल्या माणसांचे आपसातले मतभेद आपणच जपले नाहीत, तर दुसरे ते हवे तसे सांगतील.

आता माझी चूक सांगतो. माझे वडील सफाई कामगार होते. नोकरीसाठी इकडे येताना मी घर आवरलं आणि त्यांची पत्र्याची पेटी रिकामी केली. नेमणुकीचा कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, संपाच्या वेळची पत्रकं, सगळं रद्दीत दिलं. माझी पदवी मात्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणली. ती पदवी ज्या पगारातून आली, त्याचा पुरावा मी किलोच्या भावानं विकला. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच तो कचरा वाटला.

आपण घरातले पहिले पदवीधर. म्हणजे घरातले कागद वाचू शकणारेही बहुधा पहिलेच. सुट्टीत गावी जाल तेव्हा पेटी उघडा. फोटोंच्या मागे नाव, गाव, साल लिहा. आईला विचारा, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवा. विठ्ठल आपल्या घरात जन्मण्याची वाट पाहू नका. लिहिता येणारे आपणच आहोत.

जय भीम.