महालक्ष्म्या घरात अन् रांगतं लेकरूही घरात



भाद्रपद लागला की आपल्या नांदेड-लातूरकडं घराघरांत एकच घाई उडते. पेटीतले मुखवटे बाहेर निघतात, स्टँड पुसले जातात, माळ्यावरचे लाइटिंगचे खोके खाली येतात. नांदेडला वजिराबादेत अन् लातूरला गोलाईत पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईकडं ज्यांना गौरी म्हणतात, त्या आपल्या महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि पुढ्यात त्यांची पिलवंडं. म्हणजे देवीसुद्धा लेकरं घेऊनच माहेराला येते.

आज आम्ही बोलणार आहोत ते आपल्या घरातल्या पिलवंडाबद्दल. ज्या घरात सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचं लेकरू आहे, त्या घरात हे तीन दिवस कसे पार पाडायचे? कारण आपण मांडतो ते सगळं लेकराला ओढ लावणारंच असतं. लुकलुकणारे दिवे, चमकणारे मणी, जमिनीला टेकलेला साडीचा काठ, हाताला येईल असा लाडू. आपण म्हणतो, "देवाला हात लावू नको." पण वर्षाच्या लेकराला 'नको' शब्द ऐकू आला तरी तो पाळण्याइतकी समज अजून आलेली नसते. ते हाताने आणि तोंडानेच जग ओळखतं. म्हणून रागावण्यावर भिस्त ठेवायची नाही. मांडणीच अशी करायची की हात पोचला तरी इजा होऊ नये.

पहिलं काम मांडणीच्या आदल्या दिवशीचं. ज्या खोलीत महालक्ष्म्या बसणार, तिथं स्वतः खाली बसा आणि गुडघ्यांवर रांगत एक फेरी मारा. हसू येईल, येऊ द्या. पण उभं राहून जे दिसत नाही ते तिथून दिसतं. टेबलाखालची वायर, भिंतीच्या बुडाशी असलेलं प्लगचं भोक, कोपऱ्यात राहिलेली टाचणी. आता हिशेब लेकराच्या वयाचा. सात-आठ महिन्यांचं सरकत येतं आणि खाली पडलेलं तोंडात घालतं. दहा महिन्यांचं जे सापडेल ते धरून उभं राहतं. दीड-दोन वर्षांचं चौरंगावर, पाटावर, डब्यावर चढतं. गेल्या वर्षी पाळण्यात असलेलं लेकरू यंदा चढणारं झालेलं असतं. म्हणून मागच्या वर्षीची मांडणी यंदा तशीच्या तशी चालेल असं धरून चालू नका.

आता उभ्या महालक्ष्म्या. लोखंडी स्टँड, त्यावर मुखवटा, साडी, दागिने, वर मुकुट. सगळा भार वरच्या बाजूला. लेकरानं पदर धरून उभं राहायचा प्रयत्न केला की अख्खी मूर्ती पुढं येते. उपाय सोपा आहे. स्टँडचा पाया रुंद फळीवर घट्ट बसवा. पायथ्याशी वजन ठेवा, धान्याची भरलेली पायलीसुद्धा चालेल. आणि पाठीमागून, खांद्याच्या उंचीवर, मजबूत दोरीनं भिंतीतल्या खिळ्याला किंवा खिडकीच्या गजाला बांधा. साडीमागं दोरी दिसत नाही. मखराचे खांबही असेच बांधायचे. मांडणी भिंतीच्या मधोमध करण्यापेक्षा कोपऱ्यात केली तर दोन बाजू आपोआप बंद होतात. टेबलावरचं कापड खाली लोंबू देऊ नका, कडा आत दुमडून पिना न लावता बांधा. तांब्याचा कलश, समई, पितळी घंटा असं जड सामान काठावर नको, आत सरकवून ठेवा.

पुढं एक अडसर हवा. दाराला फळी लावता येते. जुन्या घरात बाज आडवी उभी करून दोन्ही बाजूंनी बांधतात, तेही चालतं, मात्र ती पडणार नाही इतकी पक्की पाहिजे. शक्य असेल तर मांडणी वेगळ्या खोलीत करून दाराची वरची कडी लावावी. सोवळ्याचा नियम घरात असतोच. तोच या कामी वापरा. घरच्या मोठ्या बाईंनी सांगितलं की "या रेषेच्या आत विनाकारण कुणी यायचं नाही," तर ते सगळे ऐकतात.

आता लाइटिंग. घरातला करंट २३० व्होल्टचा असतो, आणि स्वस्तातल्या माळेची वायर केसाएवढी बारीक. लेकरानं ती चावली की धोका थेट आहे. माळ घेताना बीआयएसची खूण बघा. गेल्या वर्षीची माळ लावण्याआधी पूर्ण लांबीवर हात फिरवून बघा. कुठं तुटलेली, चिकटपट्टीनं जोडलेली असेल तर टाकून द्या. माळा कमरेच्या वर लावायच्या, खालच्या भागात फक्त कागदी किंवा कापडी सजावट. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नाही, भिंतीला उंचावर. सतरंजीखालून वायर नेऊ नका. निजताना आणि घराबाहेर पडताना बटण बंद. घरात वीज गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी, तीस मिलिअँपिअरचा, बसवून घेता आला तर तो बारा महिने कामाला येतो.

तेलाचा दिवा नको म्हणून पुष्कळ घरांत आता बॅटरीचे दिवे आले. चांगलं आहे. पण त्यांच्या बुडाशी नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती लेकरानं गिळली आणि अन्ननळीत अडकली तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम करते. लेकरू रडेलच असं नाही. नुसती लाळ गळते, जेवायला नको म्हणतं. तेव्हा झाकण स्क्रूनं बंद होणारेच दिवे घ्या, आणि दिव्यातली एखादी बॅटरी सापडत नसेल तर वाट न बघता दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा.

समई आणि निरांजन ठेवायचेच असतील तर उंचावर, पदर आणि पडद्यापासून दूर, आणि कुणी मोठं माणूस खोलीत असतानाच. थर्मोकोलच्या मखराला तर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदीच आहे. ते पेटलं की वितळून थेंब पडतात, ते अंगाला चिकटतात.

आता आम्हाला जास्त बोलायचंय ते ताटातल्या आणि तबकातल्या वस्तूंबद्दल. कारण याकडं आपलं लक्ष कमी जातं.

पहिला कापूर. पांढरी वडी, दिसायला अगदी खडीसाखरेसारखी. प्रसादाची खडीसाखर आणि आरतीचा कापूर एकाच तबकात असतो, मग लेकरानं फरक कसा ओळखायचा? एखाद ग्रॅम कापूर पोटात गेला तरी लहान लेकराला झटके येऊ शकतात, आणि ते फार लवकर येतात. म्हणून कापराची डबी आरतीपुरतीच बाहेर काढायची, पुन्हा वरच्या फळीवर. साड्यांच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांनाही हाच नियम.

दुसरा चुना. विड्याच्या तबकात चुन्याची पुडी किंवा नळी असते. लेकरू ती दाबतं, ती फुटते आणि चुना डोळ्यांत जातो. डोळा जाऊ शकतो इतकं ते गंभीर आहे. तसं झालं तर त्याच क्षणी नळाखाली किंवा तांब्यानं भरपूर स्वच्छ पाणी डोळ्यावर सोडत राहा, निदान वीस मिनिटं. पापणीत कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडानं काढा, मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं.

तिसरी पत्री. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्रा, रुई, कण्हेर आहेत. तिन्ही विषारी. पूजा झाली की गळलेली पानं-फुलं उचलून बाहेर टाका, लेकराच्या पुढ्यात सुकत पडू देऊ नका. पिवळ्या कण्हेरीची बी तर अंगणातही नको.

चौथं, बारीक सामान. मोत्याचे मणी, टिकल्या, खडे, पिलवंडांचे इवले दागिने. एक ओळखायची खूण सांगतो. कागदी रीळ संपल्यावर आत जी पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जे आरपार जातं ते लेकराच्या घशात अडकू शकतं. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची झाली, पण सजावटीच्या सामानाला खेळण्याचे नियम लागत नाहीत. म्हणून ती पारख आपणच करायची. सुटे मणी दोऱ्यात ओवा आणि खालच्या दोन फुटांत काहीही सुटं ठेवू नका.

पाचवं खाणं. शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे. श्वासनळीत अडकणाऱ्या वस्तूंत आपल्याकडं शेंगदाणा फार आढळतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा द्यायचाच नाही, कूट करून द्या. फुलोऱ्यातली करंजी खाली पडली तर तीही लगेच उचला. आणि पाहुण्यांना आधीच सांगा, लेकराच्या हातात परस्पर काही देऊ नका.

आता स्वयंपाकघर. जेवणाच्या दिवशी पुरण शिजतंय, तळण चाललंय, सोळा भाज्या, आंबील, कढी. लेकराला सर्वांत मोठा धोका देवीच्या खोलीत नाही, इथं आहे. जमिनीवर चूल किंवा शेगडी मांडली असेल तर लेकरू त्या खोलीत येताच कामा नये. गरम आमटीचं पातेलं खाली टेकवायचं नाही. पंगतीत वाढताना लेकरू पायात येतं, तेव्हा वाढणाऱ्यानं आधी आवाज द्यावा.

आणि आता मुख्य गोष्ट. या तीन दिवसांत लेकराकडं बघतं कोण? विचारलं तर उत्तर येतं, "सगळेच आहेत की घरात." सगळे बघतात म्हणजे कुणीच बघत नाही. आई सकाळी चारपासून सोवळ्यात, हात पुरणात. काही झालं की मात्र पहिला प्रश्न तिलाच, "तुझं लक्ष कुठं होतं?" मैत्रिणींनो, हा प्रश्न आम्हाला मान्य नाही. लक्ष ठेवणं हे पुरण वाटण्यासारखंच एक काम आहे, आणि तेही वाटून दिलं पाहिजे. सकाळी आठ ते दहा बाबा, दहा ते बारा काका, बारा ते दोन आजोबा, असं नाव घेऊन ठरवा. ज्याची पाळी, त्यानं मोबाइल खिशात ठेवायचा आणि पाळी संपली की लेकरू पुढच्याच्या हातात देऊनच उठायचं. पुरुषांना सोवळ्याचं काम नसतं, मग हे काम त्यांना छान जमतं.

कुणी म्हणेल, लेकरासाठी देवीचं कमी कसं करायचं? कमी करायचं नाही, सोसेल एवढं करायचं. उभ्या बसवायच्या त्या यंदा चौरंगावर बसल्या, माळा चार ऐवजी एक लागली, तर कुळाचारात खंड पडत नाही. आत्याबाईंनी हे एकदा तोंडानं म्हटलं, की सुनेच्या जिवावरचं ओझं उतरतं. म्हणून ही विनंती आम्ही त्यांनाच करतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या ख्रिस्ती बहिणींसाठीही हेच सांगणं आहे. नाताळचं झाड म्हणजे तोच प्रश्न. वरून जड, खाली हलकं, अंगभर माळा आणि गोळे. झाड कोपऱ्यात ठेवा, खोडाला दोरी बांधून भिंतीला अडकवा. काचेचे गोळे अगदी वर, खालच्या फांद्यांवर कापडाचं किंवा कागदाचं. चंदेरी झिरमिळ्या आणि तारेचे आकडे लेकराच्या हाताबाहेर. लेकरू फारच लहान असेल तर झाड टेबलावर ठेवण्यापेक्षा यंदा खिडकीत चांदणी लावून भागवा.

शेवटी, काही झालंच तर.

भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. करदोटा, बांगड्या, वाळे लगेच काढा. तूप, हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ, काही लावू नका. स्वच्छ कापडानं झाकून दवाखान्यात.

घशात अडकलं आणि लेकरू मोठ्यानं खोकतंय, तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर थांबू नका. वर्षाच्या आतलं असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहातानं पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीनं करा. वर्षापेक्षा मोठं असेल तर पाठीत पाच थापा, नंतर मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असा पाच वेळा दाब. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका. हे ऐकून येत नाही, सणाआधी दवाखान्यातल्या नर्सताईंकडून बाहुलीवर एकदा करून बघा.

कापूर, बॅटरी, विषारी पान पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. काय खाल्लं त्याचं पाकीट किंवा पान सोबत घ्या.

रुग्णवाहिकेचा नंबर १०८. पुन्हा सांगतो, एक-शून्य-आठ. मोठे सरकारी दवाखाने दोन्हीकडं आहेत. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. गावातून तिथं जायला किती वेळ लागतो आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे आवाहनाच्या आधीच ठरवून ठेवा.

मग उद्याच तीन कामं करा. रांगून एक फेरी, स्टँडला दोरी, आणि भिंतीवर पाळीचा कागद. त्या कागदावर पहिलं नाव आईचं लिहू नका. येतो मैत्रिणींनो. महालक्ष्म्यांचं जेवण सुखानं होऊ द्या. नमस्कार.