दुष्काळातली कृतज्ञता



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी पंडिता रमाबाईंविषयी चार शब्द बोलते. कोवळ्या वयात दुष्काळाच्या वणवणीत त्यांनी आईवडील व बहीण गमावली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्न, अक्षर व हाताला काम दिले. देवाने आपल्याला जगविले, त्याचे उपकार त्यांनी असे फेडले.

धर्म त्यांचा वेगळा, माझा वेगळा. पण भूक एकच. आपल्या मानोऱ्यातही पाऊस दगा देतो. म्हणून प्रत्येकीने दळणातून मूठभर ज्वारी मंडळासाठी बाजूला काढावी, एवढीच विनंती.