फेस विरला, द्रव्य कुठे गेले?

मारतहळ्ळीकरांना बेळ्ळंदूर तलावाची ओळख करून देण्याची गरज नाही. मे २०१५ मध्ये या तलावावरील फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मध्येही तेथे आगी लागल्या. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कर्नाटक शासनाला ५० कोटी आणि तत्कालीन बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेला २५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला.

या फेसाचे मूळ घराघरांतील धुण्यात आहे. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढ घेते. त्यामुळे मळ सुटतो आणि फेसही होतो. आजची सरळ साखळीची अपमार्जके प्राणवायू मिळाल्यास जिवाणूंकडून विघटित होतात. प्राणवायूविरहित गाळात मात्र ती साचून राहतात. पावसाने गाळ ढवळला आणि पाणी सांडव्यावरून कोसळले, की फेस उसळतो.

मग फेसच मोडून टाकला तर? सिलिकॉनयुक्त फेसरोधक हे काम अल्प मात्रेत करतात. त्यांचे सूक्ष्म थेंब बुडबुड्याच्या पापुद्र्यावर पसरून तो फोडतात; परंतु पाण्यातील अपमार्जक तसेच राहते.

हीच गल्लत कायद्यांनीही केली होती. जर्मनीने १९६४ पासून अपमार्जकांच्या ८० टक्के विघटनाची अट घातली. पण त्या चाचणीत रेणूचा मूळ गुणधर्म नाहीसा होणे पुरेसे होते. युरोपीय संघाने २००५ पासून संपूर्ण विघटनाचा निकष लावला : २८ दिवसांत किमान ६० टक्के.

सिलिकॉनवर आधारित पृष्ठसक्रिय द्रव्यांची कसोटी येथेच लागते. द्राक्षबागायतदार फवारणीत ज्याला ‘स्टिकर’ म्हणतात, त्यात पुष्कळदा ट्रायसिलोक्झेन असते. आम्ल वा अल्कधर्मी पाण्यात ते लवकर तुटते. उदासीन पाण्यात बराच काळ टिकते. तुटल्यावरही सिलिकॉनचे लहान तुकडे उरतात. कोरड्या मातीत चिकणमातीच्या कणांवर सिलिकॉन हळूहळू विघटित होते. ओल्या मातीत ही क्रिया मंदावते. त्याच कुळातील डी-४ व डी-५ ही वलयी संयुगे पर्यावरणात टिकून राहतात, म्हणून युरोपीय संघाने ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत त्यांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सिलिकॉनयुक्त सहायक द्रव्यांमुळे मधमाश्यांची शिकण्याची क्षमता घटल्याचे दिसले.

म्हणून त्वचेला अपाय होत नाही, एवढ्यावर कोणतेही द्रव्य पाण्यासाठी सुरक्षित ठरत नाही. फवारणीत स्टिकरची मात्रा शिफारशीपुरतीच असावी, फुलोऱ्यात ते टाळावे आणि पंप विहिरीकाठी धुऊ नयेत. शहराने मैलापाणी तलावात पोहोचण्यापूर्वीच प्राणवायू देऊन शुद्ध करावे. बेळ्ळंदूरचे पाणी पुढे वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीवाटे तामिळनाडूत जाते. येथे डोळ्यांआड झालेले द्रव्य तेथील शेतकऱ्याच्या पाण्यात उतरू नये, एवढी जबाबदारी वरच्या अंगाच्या शहराची आहे.