नगरचे चित्रकार गोपाळराव देऊसकर



राळेगणसिद्धी काय किंवा आपल्या जिल्ह्यातले दुसरे कुठले गाव काय, शाळेच्या भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी असतातच. पुण्यतिथीला हार पडतो, एरवी धूळ. मुलांना नाव पाठ असते. चेहरा मात्र कुणी नीट पाहिलेला नसतो. चेहरा पाहणे हाच ज्यांचा जन्मभराचा व्यवसाय झाला, असे एक चित्रकार आपल्या नगरात जन्मले. त्यांची ओळख आज करून द्यायची आहे.

गोपाळ दामोदर देऊसकर यांचा जन्म १९११ सालचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. हैदराबादचे काका रामकृष्ण वामन देऊसकर स्वतः चित्रकार. त्यांनी पोराला सांभाळले. पोरक्या मुलाच्या हाती कुंचला आला तो असा, घरातच. पुढे मुंबईचे जे. जे. स्कूल, आणि निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर लंडनची रॉयल अकॅडमी. परत आल्यावर काही काळ ते जे. जे.मध्ये उपसंचालकही होते. पण नोकरीपेक्षा व्यक्तिचित्रे काढण्यातच त्यांचा जीव रमला.

आता कोणी म्हणेल, फोटो असताना हा उपद्व्याप कशाला? बरोबर आहे. पण फोटो एका क्षणाचा असतो. चित्रकारासमोर माणूस तासन् तास बसतो. आधी ताठ बसतो, मग कंटाळतो, खांदे सैल सोडतो, आणि तेव्हा कुठे खरा दिसू लागतो. तैलरंग सावकाश वाळतो. त्यामुळे गालावरची सावली आज थोडी पुसावी, उद्या पुन्हा भरावी, अशी सवड मिळते.

काळ मात्र उलटा वाहत होता. इटलीत जन्मलेला मोदिल्यानी १९२० साली पॅरिसात वारला, तोवर त्याने लांब मानेचे, कित्येकदा बुबुळेच नसलेले चेहरे काढून ठेवले होते. आपल्याकडे १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन या तरुणांनी नवा गट काढला. हुबेहूब काढणे जुने ठरू लागले. देऊसकरांनी आपली वाट सोडली नाही. माझ्या मते हा हट्टच होता, आणि तो त्यांना महागही पडला. आधुनिक कलेबद्दल लिहिणाऱ्यांनी त्यांना थोडक्यात आटोपले. पण त्या हट्टातूनच एक मोठे काम उभे राहिले.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी उघडले. पायाभरणी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ साली झाली होती. उद्घाटन पाहायला ते राहिले नाहीत, १९६७ च्या जुलैत गेले. ज्या रूपासाठी लोक वेडे होत, ते तर वयाने कधीच नेले होते. देऊसकरांनी रंगमंदिरासाठी त्यांची दोन मोठी चित्रे केली. एक स्त्रीवेषातले, शालूदागिन्यांसह. दुसरे पुरुषवेषातले, म्हणजे घरचे नारायणराव राजहंस. चेहरा एकच. नुसती नटी काढली असती तर लोक खूष झालेच असते. शेजारी नारायणराव उभे केल्यावर पाहणारा थांबतो, आणि एकात दुसऱ्याला शोधू लागतो.

देऊसकर १९९४ साली वारले. राळेगणसिद्धीच्या गुरुजींनी कधी मुलांची सहल पुण्याला नेली, तर शनिवारवाड्याबरोबर या चित्रांचीही चौकशी करावी. माहिती आधी सांगू नये. ही दोन माणसे कोण, एवढेच विचारावे आणि पोरांना भांडू द्यावे.