छबिलदासचं सभागृह



दादर स्टेशनजवळच्या छबिलदास शाळेत १९७४ साली मराठी नाटकाला एक नवं घर मिळालं. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या 'आविष्कार' संस्थेनं शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं सुरू केली. सुलभाताई पूर्वी याच शाळेत शिक्षिका होत्या.

सभागृह साधंच. प्रेक्षक इतके जवळ, की नटाचा श्वासही ऐकू यावा. इथे आवाज चढवून भागत नसे. खरं बोलावं लागे. मला वाटतं, मराठी अभिनयाला हे फार मोठं वळण मिळालं. सत्यदेव दुबे यांच्यासारखे दिग्दर्शक इथे आले, मराठी आणि हिंदी रंगकर्मी एकमेकांचे प्रयोग पाहू लागले.

मोठ्या नाट्यगृहाचं भाडं नवख्या मंडळींना झेपत नाही. फसण्याची मुभा देणारी परवडणारी जागा असेल, तरच शहरात नवं काही घडतं. पुढे छबिलदास सुटलं, आणि 'आविष्कार'नं माहीमच्या महापालिका शाळेत तालमी-प्रयोग चालू ठेवले.

तुमच्या गावातही शाळेचं सभागृह संध्याकाळी कुलूपबंद असेल. ते नाटकवेड्या मुलांसाठी उघडून द्या.