गोणपाट, मोबाईल आणि सवलत
(साताऱ्यातल्या बैठकीत केलेलं भाषण)



साताऱ्यात शाळेवर बोलायचं म्हणजे तोंड जपूनच उघडावं लागतं. ७ नोव्हेंबर १९०० ला याच गावातल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका नऊ वर्षांच्या पोराचं नाव दाखल झालं. नाव रजिस्टरात, पण जागा कोपऱ्यात. बसायला घरनं आणलेलं गोणपाट. संध्याकाळी तेही परत घरी न्यायचं. नळ होता, पण शिपायानं उघडल्याशिवाय पाणी नाही. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवलंय.

म्हणजे शाळा उघडी असणं वेगळं आणि शाळा आपल्यासाठी उघडी असणं वेगळं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी मी ते विसरलो. कसा विसरलो, तेच सांगायला उभा आहे.

मार्च २०२० ला करोनात शाळांना कुलूप लागलं. सरकार म्हणालं, शाळा बंद पण शिक्षण सुरू. कुणाचं सुरू? आमच्या वस्तीत घरटी एक मोबाईल, तोही बापाच्या खिशात. बाप सकाळी कामावर, मोबाईल कामावर, पोरगं उंबऱ्यावर. रिचार्ज संपलं की शाळा संपली. जत आणि पाटणच्या डोंगरावर तर रेंज शोधत टेकडी चढायची. मोबाईल नाही म्हणून दहावीतल्या पोरांनी जीव दिल्याच्या बातम्या २०२० मध्ये आपल्या दोन्ही जिल्ह्यांतनं आल्या. केरळात नववीतली एक दलित पोरगी १ जूनलाच गेली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत एक पाहणी झाली. खेड्यातल्या दलित-आदिवासी पोरांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी शंभरात फक्त चार निघाली. बाकीच्या शहाण्णवांच्या नावानं कुणी ना शोकसभा घेतली ना चौकशी.

आणि कृष्णाकाठची पोरं? ऑगस्ट २०१९ च्या पुरात दप्तरं वाहून गेली. नंतर करोना. जुलै २०२१ ला परत पाणी. तीन वर्षांत पोरांनी फळा किती दिवस बघितला, हे बोटांवर मोजा.

मग ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. खेड्यात पाचवीपासून, शहरात आठवीपासून शाळा उघडायचं ठरलं. तारीख बघा. १९१९ साली याच तारखेला कराडजवळ काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली जेवली, झोपली, शिकली तरच शिक्षण, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब मोबाईलमध्ये बसत नाही.

त्याच दिवसांत मिरज तालुक्यातल्या आमच्या गावात हायस्कूलची बैठक झाली. एका बाजूला बंगल्यातले पालक. त्यांच्या पोरांना स्वतंत्र खोली, लॅपटॉप, वर खाजगी क्लास. ते म्हणाले, घाई कशाला, ऑनलाइन चाललंय की. चाललं होतं, त्यांचं. दुसऱ्या बाजूला आम्ही. मी उठलो आणि ओरडलो, शाळा उघडा! टाळ्या पडल्या. डोक्यात गेल्या.

तेवढ्यात एक बाई उठल्या. आपल्याच वस्तीतल्या. नववी-दहावीला गणित शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, नाही तर भोपळा. मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातनं दोनदा मिरजेला डायलिसिस. त्या एवढंच म्हणाल्या, "शाळा उघडा, पण मला काही महिने घरनं शिकवू द्या. पोरांना अजून लस नाही. वर्गात साठ पोरं बसतात." खरंच होतं. पंधरा ते अठरा वयाच्या पोरांना लस मिळायला ३ जानेवारी २०२२ उजाडला.

आणि मी, चळवळीतला मी, काय बोललो? म्हणालो, "बाई, तुम्हाला सवलत पाहिजे, पण पोरांचं काय?"

सवलत! मित्रहो, हा शब्द आपल्या कानाला कसा लागतो? कॉलेजात, ऑफिसात, गाडीच्या डब्यात हा शब्द शिवीसारखा अंगावर येतो. हे सवलतवाले. तोच दगड मी उचलला आणि आपल्याच बाईला मारला. बंगल्यातले पालक गालात हसले. व्यवस्थेला आणखी काय पाहिजे होतं? उपाशी पोरगं आणि आजारी बाई एकमेकांच्या उरावर बसवली की तिची तिजोरी सुखरूप.

बाईंनी काम सोडलं. म्हणजे सुटलं. त्यांच्या जागी महिनाभर कुणी आलंच नाही. म्हणजे पोरांनाही गणित नाही, बाईंनाही भाकरी नाही. मी जिंकलो होतो!

पुढं त्यांच्या घरी गेलो. चहा दिला त्यांनी. म्हणाल्या, "शाळा उघडायला सांगितलंस, ते बरोबरच केलंस. पण मला दाराबाहेर काढायला तुला कुणी सांगितलं होतं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज थोडं आहे. शाळा की मोबाईल, हा सवालच खोटा आहे. खरा सवाल, खर्च कुणी करायचा? वर्गावर दुसरा शिक्षक नेमला असता तर पोरंही शिकली असती, बाईही जगल्या असत्या. घरनं त्यांनी वह्या तपासल्या असत्या, पेपर काढले असते, अडलेल्या पोराला फोनवर समजावलं असतं. एका माणसाचा पगार लागला असता. तो वाचवला आणि बिल दोघांच्या नावावर फाडलं. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाजवी सोय द्या म्हणतो. पण तासिकेवरच्या माणसाला कायदा सांगणार कोण? उद्या ये, नाही तर येऊ नको, हाच तिचा कायदा.

आणि शाळा उघडली म्हणता, तर पोरं पोचली का? ऑक्टोबरच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला, एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांची मागणी पोटाची होती, मी त्यांना दोष देत नाही. पण डोंगरातल्या पोरीला शाळेपर्यंत नेणारी दुसरी गाडी कुणी लावली? बीडहून ऊसतोडीला आलेल्यांची पोरं कारखान्याच्या कडेला कोपीत बसून होती. त्यांची शाळा कुठल्या गावची? जानेवारीत ओमायक्रॉन आला, परत कुलूप. २४ जानेवारी २०२२ ला परत उघडलं. दार उघडायचं, लावायचं. आत कोण राहिलं, बाहेर कोण राहिलं, हे मोजायचंच नाही.

आजही पूर येवो की साथ येवो, पहिला शब्द येतो ऑनलाइन. म्हणून आपली मागणी आजच ठरली पाहिजे. शाळा सगळ्यात शेवटी बंद व्हावी आणि सगळ्यात आधी उघडावी. शाळेबरोबर एसटी आणि वसतिगृह उघडलंच पाहिजे. आणि जो आजारी आहे, शिकवणारा असो की शिकणारा, त्याला घरनं काम करायचा, शिकायचा हक्क लेखी मिळाला पाहिजे, पगार आणि हजेरी न कापता. वर्गावर बदली माणूस सरकारनं द्यायचा. ही भीक नाही, मेहेरबानी नाही, आणि सवलत तर नाहीच.

एका पोराला गोणपाटावर बसवणाऱ्या शाळेला आपण शिव्या घालतो, घातल्याच पाहिजेत. पण आपल्या बैठकीत कोपऱ्यात कुणी बसलंय का, हेही एकदा मान वळवून बघा. मी बघितलं नव्हतं.

जयभीम.